पहिला घोट तिनं घ्यायचा

डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेवर टेकल्या, पुट्टीची जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "आतल्या जखमा भरत आल्यात. मूत्रपिंडंही वाचली. आता हिनं तोंडानं घ्यायला हवं. पेज, ताक, काहीही. उद्या सकाळपर्यंत नाही घेतलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

नळी म्हटल्याबरोबर पुट्टीनं ओठ घट्ट मिटले. इस्पितळात आणलं त्या दिवशी पोट धुवायला चौघांनी तिला दाबून धरलं होतं. तेव्हापासून त्या ओठांतून आत काहीच गेलं नव्हतं. जे जायचं ते हाताला लावलेल्या सुईतून.

"घेईल," माझी मुलगी वारिजा म्हणाली. "मी घ्यायला लावते."

तिचा सूर ऐकून डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. अशा वेळी काय बोलावं ते मला सुचत नाही. तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात माझी नोकरी संपली, आणि पुस्तकांशी बोलावं लागत नाही.

पुट्टीचं खरं नाव हंसिका. वय चार. वारिजा आणि जावई जयकर यांचं घर पुत्तूरच्या पुढे, पोफळीच्या बागेत. बाग सामाईक आहे. एका टोकाला जयकरचं घर, दुसऱ्या टोकाला त्याचा थोरला भाऊ सेसप्पा याचं. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर. सेसप्पाची बायको कमलाक्षी, तिला पुट्टी दोड्डम्मा म्हणते, म्हणजे मोठी आई. वारिजा विड्या वळते. ठरल्या दिवशी विड्या पोचल्या नाहीत तर पुढचा तंबाखू मिळत नाही. त्यामुळे हात गुंतले की ती म्हणायची, "जा, दोड्डम्माकडे खेळ," आणि पुट्टी पळायची. वाढली ती त्याच घरात, असं म्हटलं तरी चालेल.

पावसानं जरा उघडीप दिली की आमच्याकडे पोफळीवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारतात, नाहीतर सुपारी गळून जाते. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवत नाहीत, भांडं खाऊन टाकतो तो. म्हणून कालवलेला मोरचूद उरला की लोक थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवतात. सगळेच ठेवतात. कमलाक्षी तसल्याच बाटल्यांत उन्हाळ्यात कोकमाचं सरबतही भरते. त्या दिवशी पुट्टीनं दोड्डम्माच्या ओसरीवर बाटली पाहिली. या वेळी सरबत निळं होतं, एवढाच काय तो फरक.

त्याच दिवशी, पोर आत आणि आम्ही सगळे बाहेरच्या बाकांवर, असं असताना कमलाक्षी म्हणाली, "मी बाटली वर फळीवर ठेवली होती. देवाशपथ. चार वर्षांच्या पोरीला एकटी सोडून विड्या वळत बसलं कोण?"

वारिजा तोवर कपाळ भिंतीवर आपटून रडत होती. ते वाक्य ऐकलं आणि ती थांबली. त्यानंतर ती रडलेली मी पाहिली नाही.

पोलीस आला तेव्हा जयकरनं भावाकडे बघत सांगून टाकलं की चुकून घडलं, कुणाचा दोष नाही. पुट्टी जरा शुद्धीवर आल्यावर वारिजा मला म्हणाली, "अप्पा, चला माझ्याबरोबर. कपडे आणायचेत." आम्ही बसनं गेलो. कपडे राहिले बाजूला. ती तळ्यात बुडी मारून ओलेत्यानं गावच्या राखणदार दैवाच्या कट्ट्यापुढे उभी राहिली. नारळ ठेवला आणि म्हणाली, "माझ्या पोरीच्या पोटात विष घालून वर मलाच बोल लावणाऱ्या त्या घराला आजपासून माझ्या घरचं पाणी नाही, विस्तव नाही, अन्न नाही. मी त्यांच्या घरचं खाल्लं तर माझं बघ. त्यांनी माझं खाल्लं तर त्यांचं बघ."

कट्ट्याचा म्हातारा पुजारी म्हणाला, "पोरी, आण घालायला सोपी असते. सोडवायची तर दोघींनी इथं येऊन उभं राहावं लागेल, आणि तेही पाऊस संपून दैवाचा उत्सव झाला की. मधे सुटत नाही."

"सोडवायची कुणाला आहे?" वारिजा म्हणाली.

आमच्याकडे माणसं कोर्टाला एवढी भीत नाहीत जेवढी आणेला भितात. बातमी आमच्या आधी बसस्टँडवर पोचली होती.

डॉक्टरीणबाई गेल्या तसा जयकर आला. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. आल्या आल्या म्हणाला, "नमिताच्या सासरकडची माणसं आली होती काल."

नमिता ही कमलाक्षीची मुलगी. पाऊस सरल्यावर लग्न ठरलेलं.

"मग?" वारिजानं विचारलं.

"म्हणाले, चुलत्याच्या घरात जिला घोटभर पाणी पिता येत नाही ती मुलगी आम्ही कशी आणायची? मांडवात काका-काकू जेवायला नसतील तर लोकांना काय सांगायचं? आण सुटू दे, मग बघू म्हणाले. सेसप्पा अण्णा जेवला नाही काल."

वारिजा हसली. इस्पितळात आल्यापासून पहिल्यांदा. ते हसू मला अजून आठवतं. ते विसरता आलं तर बरं होईल.

"पुट्टी पण जेवली नाही," ती म्हणाली.

"आण घालायच्या आधी मला एकदा विचारायचंस."

"पोलिसाला चुकून म्हणायच्या आधी तुम्ही मला विचारलंत?"

"तो माझा भाऊ आहे, वारिजा."

"आणि ही कोण आहे? शेजारणीची?"

पलीकडच्या खाटेवर पाय मोडलेला एक नातू आणि त्याची आजी बीफातिमा होती. उळ्ळालची. तिच्या कानावरून वॉर्डातली एकही गोष्ट सुटत नसे. ती म्हणाली, "भांडा, भांडा. पण हळू भांडा. मला नीट ऐकू येऊ दे." आणि मग वारिजाला, "अगं, तुमच्यासारखी आण माझ्या घरात सुरू झाली ना, तर चूल कायमची थंड होईल. तीन सुना आहेत मला. कोण कुणाच्या हातचं खाणार?"

जयकर नाइलाजानं हसला. वारिजा हसली नाही.

इस्पितळामागे नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड आहे, तिथे स्वयंपाक करता येतो. वारिजानं घरून आणलेल्या उकड्या तांदळाची पेज केली, मऊ, मिठाची कणी टाकलेली. स्टीलची वाटी पाहून पुट्टीनं तोंड फिरवलं. पेला पाहून फिरवलं. चमचा ओठाला लागला तर अंग आक्रसून घेतलं. बीफातिमानं चिमणीचा घास करून पाहिला, तिच्या नातवानं प्लास्टर बडवून वाजवून दाखवलं. काही नाही. वारिजा म्हणाली, "हे बघ, अम्मा पिते आधी. बघ. काही होत नाही." ती प्यायली. पुट्टी बघत राहिली आणि मान हलवली.

मला तेव्हा आठवलं, दोड्डम्माच्या घरात तिला फणसाच्या पानाच्या खोल्यानं पेज पाजत असत. पान दुमडायचं, काडी टोचायची, झाला चमचा. इस्पितळाच्या आवारात फणसाचं झाड होतं. मी रखवालदाराला विचारायला गेलो आणि विचारायचं धाडस होईना म्हणून तिथेच घुटमळत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "काय अज्जा, लघवीला जायचंय?" मग सांगितलं. त्यानं हसत हसत फांदीच वाकवून दिली.

पान पाहून पुट्टीचे डोळे जरा हलले. एवढ्या दिवसांत ती नीट असं काही बोलली नव्हती. घसा खरखरत होता. ती म्हणाली, "दोड्डम्मा कुठंय?"

बीफातिमानं कान टवकारले.

"मी पाजते ना," वारिजा म्हणाली.

"दोड्डम्मानं आधी प्यायचं."

"अम्मा प्यायली की. बघ, परत पिते."

"तू नाही. दोड्डम्मानं."

"का गं, बाळ?" जयकरनं विचारलं.

पुट्टीनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मोठी माणसं मूर्ख प्रश्नाकडे बघतात. "बाटली तिचीच होती," ती म्हणाली आणि परत ओठ मिटले.

जयकरनं डोक्याला हात लावला. बीफातिमा मात्र लगेच पुढे झाली. "मग त्यात काय एवढं? बोलवा त्या बाईला. पेज माझ्या सुनेनं पाठवलीय, डब्यात आहे. मी देते दोघींना. माझ्यावर कुणाची आण नाही. तुझंही मोडत नाही, तिचंही मोडत नाही. वकिलाला सुद्धा सुचायचं नाही असं."

मला ते फार चांगलं वाटलं. मी तसं म्हणालोसुद्धा, बहुतेक ऐकू जाईल इतक्या आवाजात.

"नाही," वारिजा म्हणाली. "पेज माझी. माझ्या तांदळाची, माझ्या हातची. तिला ती प्यायची असेल तर पिऊ दे."

"म्हणजे आणेचा दोष तिच्यावर यावा म्हणून?" जयकर उठूनच उभा राहिला.

"मी कुठे म्हणते पी म्हणून? तिनं ठरवावं. फोन लावा. सगळं सांगा. फसवून बोलावलं असं व्हायला नको. म्हणावं, आण तशीच आहे, सुटलेली नाही, सुटणार नाही. वारिजाच्या हातची पेज आहे. पोर म्हणते आधी तू पी. आणि उद्या सकाळी नाकात नळी घालणार आहेत, तेही सांगा."

"आणि ती नाही आली तर? पोरीचं काय?"

वारिजाचा हात पुट्टीच्या पायावरून फिरत होता, खाली-वर, खाली-वर. "नाही आली तर त्या घरात पोरीची किंमत काय होती ते कळेल," ती म्हणाली. "मग नळी घालूया. तिचे हात मी धरीन. पण ते मी विसरणार नाही, आणि तिलाही विसरू देणार नाही."

जयकर बाहेर जाऊन फोन करून आला. फोन सेसप्पानं उचलला होता. म्हणाला होता, बायकोला पाठवणार नाही. एका घोटासाठी मुलीचं लग्न बुडवू का? पोरीला म्हणावं, दोड्डम्मा आजारी आहे. पोरांना कळतंय काय.

"बघा," वारिजा म्हणाली. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. सूड मनासारखा होत असताना माणसाचा चेहरा असा का पडावा, ते मला समजलं नाही. मला माणसांतलं फारसं समजत नाही.

दुपारी भेटीची वेळ संपत आली आणि कमलाक्षी आली. एकटी. चपला हातात. ओळखीच्या कुणी पाहू नये म्हणून गावाबाहेरच्या थांब्यावरून बस धरली असावी, पायाला चिखल होता. ती दारातच उभी राहिली. आजवर वारिजा या जावेला "अक्का, तुम्ही बसा" म्हणायची. आज म्हणाली, "आलीस?"

"आले."

"ह्यांनी सगळं सांगितलं?"

"फोन नवऱ्यानं घेतला. मी भिंतीआडून ऐकलं." कमलाक्षीनं खाटेकडे पाहिलं. पुट्टी केवढीशी झाली होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि लगेच काढला. "घरी सांगितलंय त्यांनी, गेलीस तर परत येऊ नको."

"मग जा परत. अजून बस आहे."

"वारिजा," मी म्हणालो.

"अप्पा, तुम्ही नका."

वारिजानं पेज गरम करून दोन वाट्यांत आणली होती. तिनं पानाचे दोन खोले केले होते, एक एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला. एकाचा दुसऱ्याला स्पर्श होऊ नये अशी तजवीज. पोरीच्या वाट्याला त्या घरचं उष्टं यायला नको होतं. आण मोडली तर फक्त एकीकडून मोडायला हवी होती. ती किती विचार करून बसली होती ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"हे तुझं पान," ती म्हणाली. "हातानं घे. मी भरवणार नाही."

कमलाक्षी खाली बसली. खाटेशी तिचं तोंड पुट्टीच्या तोंडासमोर आलं. पुट्टी तिच्याकडे टक लावून बघत होती. ना राग, ना प्रेम. नुसती बघत होती. कमलाक्षीनं खोला आपल्या वाटीत बुडवला. ओठाशी नेईपर्यंत अर्धी पेज साडीवर सांडली.

"नमिताचं नाव घेऊन पी," वारिजा म्हणाली.

बीफातिमाच्या तोंडून "या अल्ला" निघालं. जयकरनं भिंतीकडे तोंड केलं.

कमलाक्षीनं डोळे मिटले आणि घोट घेतला. गिळल्याचा आवाज आला. एवढंच. छत कोसळलं नाही, पण तिथे असलेल्या आम्हा सगळ्यांना ते कोसळल्यासारखंच वाटलं. बीफातिमालाही, तिचा आमच्या दैवाशी काही संबंध नसताना.

"कडू आहे?" पुट्टीनं विचारलं.

"नाही गं राणी. गोड आहे."

"त्या दिवशी कडू होतं." मग म्हणाली, "बाटली खालीच होती, दोड्डम्मा."

वारिजा ताठ झाली.

"अजून एक पी," पुट्टी म्हणाली.

कमलाक्षीनं दुसरा घोट घेतला. मग तिसरा. पुट्टी प्रत्येक घोट घशाखाली उतरेपर्यंत बघायची आणि म्हणायची, "अजून एक." तिच्या वाटीतली पेज निम्म्यावर आली. कमलाक्षीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"खालीच होती," ती शेवटी म्हणाली. पुट्टीलाच म्हणाली. "पायरीवर ठेवली होती मी. फळीवर नाही. फवारणीवाले जेवायला बसले होते, म्हटलं त्यांना वाढून मग उचलते. विसरले."

"मग देवाशपथ काय म्हणालीस?" वारिजाचा आवाज फुटत होता. "माझ्या विड्या काढल्यास तू. पोर आत मरायला टेकली होती आणि तू माझ्या विड्या काढल्यास."

"भ्याले."

"भ्यालीस. रोज रात्री इथे बसून मी स्वतःलाच विचारते आहे, का पाठवलं, का पाठवलं. तू भ्यालीस म्हणून?"

पुट्टीनं इकडे आईच्या हातातल्या पानाकडे हात केला. वारिजानं गडबडून दुसरी वाटी पुढे ओढली, दुसरा खोला बुडवला. पुट्टीनं ओठ उघडले. पेज आत गेली, तिनं चेहरा वेडावाकडा केला, दुखलं असावं, आणि गिळली.

जयकर भिंतीकडे तोंड करूनच रडत होता. बीफातिमानं नातवाच्या डोक्यात टपली मारली, "बघ, बघ, शीक जरा. तू अंडं खाताना किती नखरे करतोस."

पुट्टीनं पाच-सहा घास घेतले आणि दमून डोळे मिटले. वारिजानं तिचं तोंड पुसलं. वाटी झाकली. मग कमलाक्षीच्या हातातलं पान तिनं घेतलं नाही. "ते तू टाक," म्हणाली.

कमलाक्षीनं पान मुठीत चुरगाळलं. "झालं ना तुझ्या मनासारखं? आता माझ्या घरावर काय यायचं ते येईल. माझ्यावर येऊ दे, नमितानं काही केलेलं नाही. वारिजा, आण कधी सोडवशील? उत्सवाला येशील ना कट्ट्यावर?"

"ही ज्या दिवशी तुला आधी प्यायला न लावता पिईल, त्यानंतरच्या उत्सवाला येईन."

"आणि तोवर नमिता?"

"तोवर थांबेल."

"वर्ष लागलं तर?"

"तर वर्ष. दोन लागली तर दोन. इथून घरी गेलो तरी रोज दोन्ही वेळेला माझ्या अंगणात येऊन बसायचं आणि तिच्यासमोर प्यायचं. माझ्या हातचं. ओसरीवर नाही, अंगणात."

जयकर वळला. "वारिजा, माणूस आहेस की—"

"येईन," कमलाक्षी म्हणाली. ते तिनं इतक्या पटकन म्हटलं की वारिजाच क्षणभर गडबडली. तिला बहुधा नकाराची, निदान हातापाया पडण्याची अपेक्षा होती. तिनं वाटीवरचं झाकण उगीच उचलून परत ठेवलं.

"संध्याकाळची पेज दिवेलागणीला," ती म्हणाली.

"मी इथंच आहे. जाणार कुठे?"

कमलाक्षी दोन खाटांच्या मधल्या मोकळ्या जागेत जमिनीवर बसली, गुडघे पोटाशी घेऊन, चिखलाचे पाय साडीखाली ओढून. फरशी ओली होती, नुकतीच पुसून गेले होते. मी स्टुलावरून उठलो. तिला देण्यासाठीच उठलो होतो.

"अप्पा," वारिजा माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा तुम्ही."

मी बसलो.